काळ्या दगडावर पाणी

पहिले एकोणीस दिवस तिला कुणी हटकलं नाही.
ती नावं पेपरात छापून आलेली होती.
खाण क्रमांक सहामध्ये मेले ते एकोणीस,
असं आम्हालाही सकाळच्या हजेरीत वाचून दाखवलं होतं.
साहेब म्हणायचे, एकोणीस म्हणजे एकोणीस,
काळ्या दगडावरची रेघ.

आणि चौकाच्या फरशीवर पाण्यानं अक्षरं काढणारी
म्हातारी माणसं तशी रोजचीच,
काठीला बांधलेला स्पंजचा कुंचला, शेजारी बादली.
कुणी जुनी कविता काढतं, कुणी नातवाचं नाव.

विसाव्या दिवशी तिनं विसावं नाव लिहिलं.
एकविसाव्या दिवशी माझी ड्यूटी तिथं लागली.

श्वे लानपिंग, वय त्रेपन्न.
फाइलमध्ये व्यवसायापुढं कुणीतरी ‘चित्रकार’ लिहून
खोडलं होतं,
नंतर दुसऱ्या शाईनं पुन्हा लिहिलं होतं.

फोटो काढावा तर ओल्या फरशीवर ऊन चमकायचं,
नुसता पांढरा उजेड यायचा.
साहेब म्हणाले, वाळायच्या आत हातानं उतरवून घे,
पुरावा पाहिजे.
ऑगस्टात चार मिनिटं मिळायची.

खेड्यातल्या माणसांची नावं.
कुठल्या कुठल्या आजोबांनी पोथीतून शोधून ठेवलेली अक्षरं,
आमच्या संगणकालाही ठाऊक नसलेली.
मी उकिडवा बसून रेघा मोजायचो.
एकदा ती थांबली, माझ्या वहीत डोकावली.
“आधी आडवी, मग उभी,” म्हणाली,
“अशानं पडेल तो.”
मी ते अक्षर पुन्हा काढलं.
रिपोर्टात हे लिहिलं नाही.

कलम कुठलं लावायचं, साहेबांनी विचारलं.
पाणी नगरपालिकेचं आहे?
नाही सर, घरून आणते.
फरशी खराब होते?
होत नाही सर. उलट स्वच्छ होते.

सप्टेंबरात एक बाई आली,
पायात दोन वेगवेगळ्या चपला.
तिच्याकडं नाही गेली, माझ्याकडं आली.
“पोरा, तुझ्या वहीत आमचा ताशुन आला का?”
मी पानं उलटली. म्हटलं, अजून नाही.
“बरं. उद्या येते.”
अकरा दिवस आली.
बाराव्या दिवशी ताशुन आला.
बाई फरशीवर बसली आणि नाव वाळेपर्यंत
दोन्ही तळव्यांनी ऊन अडवत राहिली.

सरकारनं ज्यांच्यावर पाणी सोडलं होतं
ते असे पाण्यातूनच वर येत होते, रोज एक,
आणि मी, चौथ्या श्रेणीचा शिपाई,
त्यांची हजेरी घेत होतो.

डिसेंबरात पाणी पडता पडता गोठायला लागलं.
नाव दुपारपर्यंत टिकायचं.
लोक वळसा घालून जायचे. लहान मुलंसुद्धा.
मग हुकूम निघाला, झाडूवाल्यांनी मीठ टाकलं,
बर्फ गेला,
आणि फरशी सुकल्यावर तेच नाव
मिठानं पांढरं उमटलं, रेघ न रेघ.
साहेब कमरेवर हात ठेवून बघत राहिले.
“मीठ कुणाचं?”
आपलं, सर.

त्या रात्री तिला नेलं.
एकशे सतरावर थांबलं सगळं.
जप्तीचा कागद मीच लिहिला:
काठी एक, बादली एक, पाणी गोठलेलं.
वह्यांच्या पावतीवर सहाचा आकडा आहे.
वह्या सात होत्या.

ती कुठं आहे मला माहीत नाही.
विचारायची माझी श्रेणी नाही.
चौकात आता कुंड्या मांडल्यात, दाटीवाटीनं,
फरशी दिसू नये इतक्या.

पण संध्याकाळी चौकीच्या खिडकीशी
कधी कधी कुणी येऊन उभं राहतं,
हातमोजे काढतं, परत घालतं.
हळूच विचारतं, वहीत आहे का बघता?
कसली वही, म्हणतो मी.
मग मागं बघून घेतो,
आणि नाव विचारतो.